सात वर्षं आणि टिनाचं छप्पर

आलापल्ली,
१८ नोव्हेंबर

चि. सोनू,


"मामा, पेन्शनच्या खात्यातून लाखभर निघतात, काढून टाकू का?" हा तुझा निरोप काल रात्री वाचला. फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि मनात असेल तेच करतेस. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवून राहिलो आहे. ड्युटी संपल्यावर नीट वाच.

आज सकाळी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. पुढे जंगलाकडच्या गावची एक म्हातारी होती, श्रावणबाळ पेन्शनवाली. मशीनवर तिचा अंगठा उमटेना. पदराला पुसला, ओला केला, दुसरा लावला, तरी मशीन नाहीच म्हणे. चाळीस उन्हाळे तेंदूपत्त्याचे पुडे बांधले त्या बोटांनी; रेषा राहतात कुठे? शेवटी तिथल्या पोराने मोबाईलसमोर तिचा चेहरा धरला आणि डोळे मिचकावायला सांगितले. ती लाजली, मग मिचकावले. सरकारदरबारी आणखी वर्षभर जिवंत.

तिला महिन्याला १५०० मिळतात. आता तुझा हिशेब मांडतो. जर्मनीला जाण्याआधी नागपूरला तू सात वर्षं नोकरी केलीस. तुझ्या पगारातून कापले जायचे ते पीएफचे. पेन्शनचे पैसे मालकाच्या वाट्यातून जातात, पगाराच्या ८.३३ टक्के, पण पगार १५,००० च्या वर मोजत नाहीत, म्हणून महिन्याला जास्तीत जास्त १२५०. पेन्शन काढायचं सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. १५,००० गुणिले ७ भागिले ७० म्हणजे बरोबर १५००. तेंदूच्या एका पुड्यातही पानं सत्तरच असतात, हे मला रांगेत उभ्या उभ्या सुचलं. उगाच.

तुझा दादा म्हणतो की १५०० रुपयांचं अठ्ठावन्नाव्या वर्षी काय घेणार, लाख रुपये म्युच्युअल फंडात टाक. त्याचं गणित चूक नाही. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. २०१४ पासून किमान पेन्शन १००० आहे ती १००० च. पण तो रुपये मोजतो, आणि या खात्यात खरी किंमत वर्षांची आहे.

कशी ते सांगतो. या योजनेत स्वतःची पेन्शन लागायला दहा वर्षं नोकरी लागते. तुझी सात आहेत. जर्मनीतून उरलेली तीन वर्षं वर्गणी भरत राहीन म्हणशील तर तशी सोय नाही, मालकाशिवाय या खात्यात पैसा जात नाही. इंग्लंडमध्ये देश सोडलेल्या माणसाला सरकारी पेन्शनची वर्गणी बाहेरून भरता येते, आपल्याकडे नाही. मात्र भारत आणि जर्मनी यांच्यात २०११ साली सामाजिक सुरक्षेचा करार झाला आणि १ मे २०१७ पासून तो लागू आहे. त्यात हक्क मोजताना दोन्हीकडची वर्षं एकत्र धरतात आणि पैसे देताना ज्याने त्याने आपल्या वर्षांपुरते द्यायचे. तुझी इथली सात आणि तिथली तीन मिळून दहा होतात. उलट बाजूही बघ. तिकडे म्हातारपणाच्या पेन्शनचा हक्क लागायला ६० महिने भरावे लागतात. आईसाठी तू तीन वर्षांतच परत आलीस, तर ते ६० महिने पुरे करायला नागपूरची सात वर्षं उपयोगी पडतील. तिथे तुझ्या पगाराचे ९.३ टक्के जातात आणि तेवढेच मालक भरतो. त्या पैशापुढे इथले लाख काहीच नाहीत. पण तू इथली पेन्शन काढून घेतलीस की ती सात वर्षं पुसली जातात. मग जोडायचं काय?

तुझ्या वर्गातली ती वरोऱ्याची मुलगी कुवेतला गेली म्हणालीस ना, तिला हे लागू नाही. आखाती देशांशी असा करार नाही, अमेरिकेशीही नाही. जाताना एजंट पगार सांगतात, हे कोणी सांगत नाही. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा गावोगावच्या पोरांनी जर्मन शिकायची चौकशी केली. त्यांनाही हे कोणीतरी सांगायला हवं.

आता माझी फजिती. तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही. १९९६ ते २००४ मी चंद्रपूरला एका खासगी कंपनीत होतो. सुटलो तेव्हा ऑफिसातला बाबू म्हणाला, "दहा वर्षं झाली नाहीत, पेन्शन कुठून लागणार? पैसे काढायचा १०सी फॉर्म भर आणि मोकळा हो." चोवीस हजार आले. घरावरचे कवेलू उतरवून टिनं टाकली. त्या मे महिन्यात तुझी आजी घरात बसेना, दिवसभर आंब्याखाली खाट टाकून माझ्या नावाने बोलायची. पुढे दुसरीकडे तेरा वर्षं झाली आणि पेन्शन त्या तेराचीच लागली. वीस वर्षं भरली की दोन वर्षं वरून जोडून मिळतात, तीही गेली. तेव्हा स्कीम सर्टिफिकेट नावाचा कागद मागितला असता तर आठ वर्षं शाबूत राहिली असती. फॉर्म तोच, खूण फक्त दुसऱ्या चौकटीत करायची होती.

तेव्हा पीएफची रक्कम काढायची असेल तर खुशाल काढ, तो फॉर्म १९. परदेशी स्थायिक झालेल्याच्या पीएफवर व्याज कायम चढत राहत नाही, त्यामुळे तिथे अडकून बसण्यात अर्थ नाही. भारतात म्हातारपणासाठी आणखी साठवायचं असेल तर एनपीएस आहे, तो अनिवासी भारतीयांना चालतो. पण १०सी मध्ये पैसे मागू नकोस, सर्टिफिकेट माग. आधारवरचं आणि पीएफवरचं तुझं नाव एकच आहे का ते आधी बघ. लग्नानंतर तू एका ठिकाणी बदललंस आणि दुसऱ्या ठिकाणी विसरलीस, हे मला पक्कं आठवतं.

टिनं अजून तीच आहेत. या पावसाळ्यात देवघरावर गळलं.

तुझा,
मामा