किल्लीचे घड्याळ

बदलीच्या नोकरीत माणसाबरोबर फारच थोड्या वस्तू गावोगाव फिरतात. कपाट विकावे लागते, तुळशीवृंदावन शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावे लागते. मनगटावरचे घड्याळ तेवढे भाडे न देता प्रवास करते. म्हणूनच की काय, आम्हां सरकारी मंडळींना जुन्या घड्याळांविषयी जरा अधिक माया वाटते.

शौकीन लोकांचा जीव दोन बटणांच्या स्विस क्रोनोग्राफवर असतो. शर्यतीचे सेकंद मोजणारे ते यंत्र देखणे खरेच. पण सकाळची कचेरी आणि संध्याकाळची सुटी, एवढेच ज्यांचे कालमापन, त्यांना एचएमटीचे ‘जनता’ पुरते. शिवाय जयनगरात बिऱ्हाड करून परक्या कुळाचे घड्याळ शोधावे तरी कशाला? हिंदुस्तान मशीन टूल्स हा सरकारी उद्योग १९५३ मध्ये याच बेंगळुरूत उभा राहिला, आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने त्याने मनगटी घड्याळे करावयास घेतली. ‘जनता’, ‘जवान’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावे वाचताना एखाद्या पंचवार्षिक योजनेचे पुस्तक उघडल्यासारखे वाटते! काही तबकड्यांवर तर ‘जनता’ हे नाव देवनागरीत आहे. परमुलखात राहणाऱ्या माणसाला त्या तीन अक्षरांचे मोल निराळे सांगावयास नको.

‘जनता’च्या पोटात १७ माणके. रोज एकदा किल्ली द्यावी, की ते सेकंदाला पाच ठोके या हिशेबाने दिवसाला ४,३२,००० ठोके टाकते. मुंजीत, लग्नात, पहिल्या पगारात अशी घड्याळे घरोघर आली. पुढे क्वार्ट्झचा जमाना आला, १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, आणि किल्ली देण्याचा कंटाळा लोकांना परवडू लागला. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

आणि गंमत अशी, की कारखान्याला टाळे लागू लागताच गिऱ्हाईक जागे झाले! तेव्हापासून बाजारात अशी ‘जनता’ दिसू लागली, की जिची तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एका घड्याळाचे, यंत्र दुसऱ्याचे. कारखान्याने कधी न वापरलेले भडक रंग आणि किंचित पसरलेली अक्षरे त्यांचे बिंग फोडतात. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकाजवळ एका दुकानात आम्हांपुढे अशी दोन घड्याळे ठेवण्यात आली. एक लखलखीत, दुसरे कडेने पिवळसर पडलेले. आम्ही पिवळे उचलले. दुकानदाराला आमची कीव आली असावी; त्याने पट्टा फुकट दिला.

त्या पिवळेपणात कोणाची तरी तीस वर्षांची हजेरी आहे. ती पुसून नवे रूप देणे म्हणजे सेवापुस्तिकेतील जुनी पाने फाडण्यासारखे आहे. मात्र नुसते जपूनही भागत नाही. अशा घड्याळाला दर काही वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालणारा घड्याळजी लागतो, आणि ते हात आता कमी होत चालले आहेत. एचएमटीचा वारसा शहराच्या उत्तर टोकाला, जलहळ्ळीच्या संग्रहालयात काचेआड सुरक्षित आहे. चालता वारसा मात्र रस्त्याकडेला, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या त्या माणसापाशी आहे. तेव्हा वाचकहो, आपल्या पेटीत वडिलांचे एखादे घड्याळ बंद पडून असेल, तर पुढची बदली येण्यापूर्वी ते त्याच्याकडे घेऊन जावे.