चांदणी अडते तिथं

सेगँ फॉर्म बोर्डची तुटलेली चांदणी महाल भागातल्या सुतारानं जोडून दिली. दहा लाकडी आकारांत मुलं सर्वांत जास्त हिच्याशीच झटतात. टोक बेमालूम बसलंय, पण आता ती खाचेत किंचित अडते. वेळ मोजायच्या चाचणीला हा बोर्ड बाद. खेळायला राहू दे.

दुपारी एक आई पोराला घेऊन आली होती. व्हाइनलँडचे प्रश्न पालकांनाच विचारायचे असतात. हातानं जेवतो का, बटणं लावतो का. एडगर डॉल यांची सामाजिक वयाची ही मोजपट्टी १९३५ची; तिचं ८९ प्रश्नांचं भारतीय रूप डॉ. मालिन यांनी आपल्या नागपुरात घडवलं. त्याचा मला उगाचच अभिमान.

"त्याची आजीच भरवते ना जी," आईचा आवाज बारीक झाला. येत नाही, की करू दिलं जात नाही? सामाजिक वयाच्या आकड्यात दोन्ही सारखंच दिसतं. आकडा लिहिताना माझा हात हल्ली रेंगाळतो. इतक्या वर्षांनी तो सरावायला हवा होता. सरावला नाही, याचं बरंही वाटतं.

पोरगं खाली बसून चांदणी गोल फिरवत होतं, खाचेकडे न बघता. छान रमलं होतं.

पुढच्या खेपेला आजींना बोलावलंय. येतील का, कोण जाणे.