दुसऱ्याच्या कानाने

हेडफोन लावून ऐकलेले गाणे नेमके कोठे वाजते, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. समोर ठेवलेल्या दोन स्पीकरांतून तेच गाणे ऐकले तर गायिका समोर, दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभी असल्याचा भास होतो. हेडफोनवर ती जागा नाहीशी होते. आवाज दोन कानांच्या मध्ये, कवटीच्या आत, कपाळामागे कुठेतरी येऊन बसतो. पक्क्या लक्षात राहिलेल्या गोष्टीविषयी आपण ‘डोक्यात बसली’ असे म्हणतो. येथे ते शब्दशः घडते. नुसते ऐकणाऱ्याला याचे सोयरसुतक नसते, लोकलमध्ये उभ्याने गाणी ऐकणाऱ्याला तर मुळीच नाही. पण ध्वनिमुद्रणातील आवाजांचे परस्परप्रमाण ज्याला ठरवायचे आहे, ज्या कामाला मिक्सिंग म्हणतात, त्याच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे. त्याने स्वतःच्या डोक्यात बांधलेले गाणे इतरांना मात्र खोलीत, मांडवात किंवा मोबाइलवर ऐकायचे असते.

मी व्यवसायाने मराठीची शिक्षिका, आणि गेली काही वर्षे हौसेने ध्वनिमुद्रणाच्या नादी लागलेली. राहते तळोज्याला. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या इमारती, मधून मुंब्रा-पनवेल रस्ता आणि दिवा-पनवेल लोहमार्ग; २०२३च्या नोव्हेंबरात बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रोही आली. अशा ठिकाणी स्पीकर लावून रात्री काम करणे अशक्यच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबेलची. शिवाय आमच्या भिंतीपलीकडचे गृहस्थ कारखान्यात पाळीवर जातात, म्हणजे काही आठवडे त्यांची रात्र आमच्या दुपारी असते. कायद्याला ती रात्र ठाऊक नाही, शेजारधर्माला आहे.

दुसरी अडचण खोलीचीच. माझी काम करण्याची खोली दहा फूट बाय दहा फूट. समांतर भिंतींमध्ये तीन मीटर अंतर असले की सुमारे ५७ हर्ट्झचा खर्ज त्या दोन भिंतींत अडकून घुमू लागतो. खोली चौरस असल्यामुळे दुसरी जोडीही नेमकी त्याच सुरावर घुमते. खोलीच्या मध्यावर बसलेल्याला हा खर्ज जवळजवळ ऐकू येत नाही, आणि कोपऱ्यात उभ्या राहिलेल्याला तोच अंगावर येतो. चौरस खोली वास्तुशास्त्राला शुभ असेल, ध्वनिशास्त्राला ती अशुभच. हेडफोनला खोली नसते हा त्याचा मोठा गुण. मात्र तोच त्याचा दोषही आहे, आणि या दोषावर उतारा म्हणून स्पीकरांची नक्कल करणारी सॉफ्टवेअरे निघाली आहेत.

ज्या कामासाठी मी हे सर्व शिकत गेले ते आधी सांगायला हवे. या पट्ट्यातील आगरी समाजात लग्नविधींच्या वेळी धवले गाणारी स्त्री म्हणजे धवलारीन. पूर्वी लग्न लावण्याचा मानही तिच्याकडे असे. आगरी बोलीत ळचा ल आणि णचा न होतो, म्हणून धवला, धवलारीन. ग्रंथात आपण ज्याला धवळे म्हणतो तोच हा शब्द. एम.ए.च्या वर्गात दरवर्षी महदंबेचे धवळे शिकवले जातात. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने महदंबेने ते रचले, ती मराठीतील आद्य कवयित्री, हे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. वर्गाच्या खिडकीतून जी गावठाणे दिसतात तेथे हा शब्द अजून नांदतो आहे, हे मात्र त्यांतल्या कोणाच्या गावी नसते. गावठाणातून येणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला ठाऊक असते, पण ती बोलत नाही. अशीच एक विद्यार्थिनी न राहवून बोलली, आणि तिच्या आजीपर्यंत मी पोहोचले.

आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या सुनांना धवले येत नाहीत, नातीला काही ओळी येतात. स्टुडिओत किंवा माझ्या घरी येऊन गाण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. लग्न नसताना हळदीचे धवले तोंडाने काढू नयेत, हे त्यांचे म्हणणे. ते मला पटले, कारण प्रसंगाबाहेर काढलेला धवला म्हणजे केवळ चाल लावलेला मजकूर. म्हणून त्यांच्या भावकीतील एका हळदीच्या दिवशी दुपारी, डीजेची गाडी येऊन स्पीकरांच्या उतरंडी लागण्याआधीच्या दोन तासांत मुद्रण केले. दोन मायक्रोफोन एकमेकांपासून १७ सेंटीमीटरवर, ११० अंशांत बाहेरच्या बाजूस वळवलेले. फ्रेंच नभोवाणीने रूढ केलेली ही मांडणी माणसाच्या दोन कानांच्या अंतराशी साधारण जुळते. मधोमध आजी, डावीउजवीकडे ओळ उचलून धरणाऱ्या दोन बायका. वर कापडी मांडव, खाली सारवलेले अंगण, मागे रस्त्यावरचे ट्रक.

आता कानाविषयी. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले की खालच्या स्वरांची दिशा आपण दोन कानांवर आवाज पोहोचण्यातील वेळेच्या फरकावरून ओळखतो, आणि वरच्या स्वरांची दिशा डोक्याच्या आडोशामुळे पडणाऱ्या तीव्रतेच्या फरकावरून. वेळेचा हा फरक आवाज अगदी बाजूने आला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमीच असतो. समोर तीस अंशांवर ठेवलेल्या डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानावर आधी आणि उजव्या कानावर साधारण पाव मिलिसेकंदाने उशिरा, थोडा बोथट होऊन पोहोचतो. हेडफोनमध्ये ही गळती नाही. डाव्याचे डाव्याला, उजव्याचे उजव्याला, मध्ये डोक्याचे जणू अस्तित्वच नाही. १९६१ साली बेंजामिन बाउअर यांनी ही गळती मुद्दाम निर्माण करणारे विद्युतमंडल सुचवले, आणि पुढच्या साऱ्या सॉफ्टवेअरांचा मूळपुरुष म्हणून त्याकडे पाहता येते. आजची प्लगइन त्यावर कानाच्या पाळीचे संस्कार, खोलीच्या भिंतींवरचे पडसाद, आणि संगणकाच्या कॅमेऱ्यातून मान वळल्याची नोंद घेऊन आवाज जागच्या जागी ठेवण्याची सोय इत्यादी थर चढवतात. (मान वळवली की साऱ्या गायिका आपल्याबरोबर गरकन फिरतात, हा हेडफोनचा विनोदी भाग या सोयीने जातो.)

या गळतीचा एक परिणाम फार कमी लोकांना माहीत असतो आणि साहित्याच्या माणसाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटावा. मध्यभागी असलेला आवाज दोन्ही स्पीकरांतून सारखाच येतो. प्रत्येक कानावर त्याच्या दोन प्रती पडतात, दुसरी पाव मिलिसेकंद उशिराने. २००० हर्ट्झच्या आसपास हा उशीर बरोबर अर्ध्या लहरीइतका भरतो, आणि दोन प्रती एकमेकींना खोडू पाहतात. खोलीतील पडसाद हा खड्डा काहीसा भरून काढतात, पूर्ण नाही. आता व्यंजनांची ओळख पटवणारा बराच ऐवज २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे मधोमध गाणारी बाई हेडफोनवर जेवढी स्पष्ट ऐकू येते, तेवढी स्पीकरवर येत नाही. स्वर राहतो, शब्दांची कड जाते. आजींच्या गाण्यात वाद्य नाही, तालाला टाळीही नाही. जे काही आहे ते शब्दात आणि शब्द ओढण्याच्या रीतीत आहे. त्यांच्या दातांची संख्या लक्षात घेता च आणि स यांतले अंतर आधीच अरुंद. नकली स्पीकर सुरू केल्याबरोबर एका ओळीतले देवाचे नाव मला कळेनासे झाले. नुसत्या हेडफोनवर ते लख्ख होते. त्या पट्ट्यात दीड-दोन डेसिबेल उचलल्यावर ते नाव परत आले.

दुसरीही एक बाब या सॉफ्टवेअरमुळे लक्षात आली. माझ्या दोन मायक्रोफोनांत वेळेचा फरक मुळातच मुद्रित झालेला आहे. हेडफोनवर तो थेट ऐकताना अंगण विलक्षण खरे वाटते, कारण मायक्रोफोनांनी एक डोके आधीच कल्पिलेले असते. नकली स्पीकर त्यावर दुसरे डोके ठेवतात. अंगण आक्रसते, बाजूच्या दोघी आजींच्या जवळ सरकतात. पण स्पीकरवर ऐकणाऱ्याला हेच अंगण मिळणार आहे. मांडवातील स्पीकर किंवा साधा मोबाइल तर दोन्ही बाजू एकत्र करून ऐकवतो. तेव्हा बाजूच्या दोघींच्या आवाजातील काही भाग वजाबाकीत जातो आणि त्या पोकळ वाटू लागतात. मी त्यांचा आवाज आणखी बाहेर ढकलून अंगण रुंद करण्याचा मोह टाळला, त्यामागे हेच कारण होते.

पण या नकलेत कान कोणाचा असतो? कानाच्या पाळीचे कंगोरे प्रत्येकाचे वेगळे, आणि वर-खाली, मागे-पुढे यांचे ज्ञान त्या कंगोऱ्यांमुळे होते. सॉफ्टवेअरला माझा कान ठाऊक नाही. १९७२ साली सरासरी प्रौढ माणसाच्या मापांवर बेतून केमार नावाचा एक पुतळा बनवला गेला. १९९४ साली एमआयटीमध्ये त्याच्या कानांत मायक्रोफोन ठेवून घेतलेली मापे सर्वांना खुली झाली आणि पुष्कळ संशोधनाला आधार ठरली. म्हणजे अशी नक्कल ऐकताना आपण एका सरासरी माणसाच्या कानांनी ऐकत असतो. पहिल्या दिवशी आजी मला समोरून नव्हे, डोक्याच्या वरून गाताना ऐकू आल्या. हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही प्रौढांच्या कानात त्यांनी आकार बदलणारे साचे बसवले. प्रथम त्यांना आवाज वरून आला की खालून हे सांगता येईना. काही आठवड्यांत येऊ लागले. साचे काढल्यावर जुना कान लगेच पूर्ववत चालू लागला, नव्याने जुने पुसले नव्हते. दोन भाषा जाणणाऱ्याला यात नवल वाटू नये. घरी आगरी आणि वर्गात प्रमाण मराठी बोलणारी माझी विद्यार्थिनी उंबरठ्यावर एका क्षणात कान बदलते.

खोलीच्या नकलेबाबत माझे मत वेगळे आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील तीन क्रमांकाची कंट्रोल रूम हेडफोनमध्ये उभी करणारे प्लगइन मिळते, आणि ते कारागिरीचा नमुना आहे. ते काही दिवस वापरून मी बंद केले. गळती ठेवली, खोली काढली. मोठ्या खोलीत सारेच गाणे भारदस्त वाटते आणि ऐकणारी नकळत खूश होते. खुशीत असताना कात्री चालत नाही. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या शंकूचा स्पीकर १९७८पासून २००१पर्यंत बनत होता आणि जगभरच्या स्टुडिओंत मांडलेला असे. तो काही गोड वाजत नाही, त्याच्यावर चांगले वाजले की कुठेही चालेल, एवढाच त्याचा लौकिक. परीक्षक भिडस्त नसावा हे साहित्यातही खरे आहे.

ट्रकांचे काय करायचे, यावर मी बराच काळ अडले. ८० हर्ट्झखालचा भाग कापला की त्यांची घरघर बरीचशी जाते, आजींच्या आवाजाला धक्का लागत नाही. शुद्धतेसाठी कापावे, की तळोज्याचे म्हणून राखावे? सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीच्या खंडांनी स्त्रियांची असंख्य गीते वाचवली, पण छपाईत आवाज मावत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतील अनेकींची ध्वनिमुद्रणेही झाली, आणि २०१७पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्यांच्या नावागावांसह येऊ लागल्या. त्या ऐकताना ओवीइतकीच तिच्यामागची जागा ऐकू येते. मी घरघर निम्मी ठेवली. हा हिशेब कोणत्याही सॉफ्टवेअरने सांगितलेला नाही.

दोन्ही प्रती घेऊन गेले तेव्हा आजींनी हेडफोन लावून घेतले, क्षणभर ऐकले, आणि “माझे डोक्यान कोन गातंय?” म्हणून काढून ठेवले. पुन्हा लावायला त्या तयार नव्हत्या. नातीने मोबाइलवर तेच मुद्रण सुरू केले. ओट्यावर नीट ऐकू येईना, म्हणून आतून स्टीलचे पातेले आणून फोन त्यात उभा केला. पातेल्याने सारा खर्ज गिळला आणि शब्दांना पत्र्याची धार आली. देवाचे नाव कळत होते. दोन ओळी झाल्यावर धाकट्या सुनेने हात पुसत येऊन विचारले, मधली ओळ परत लावता येईल का, आणि नातीने फोन पातेल्यातून बाहेर काढून ती मागे नेली.