मागच्या केसांस अनावृत पत्र

माझ्या डोक्याच्या मागच्या केसांनो,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, हेअर ट्रान्सप्लांटसाठी तुमच्यावर दुसऱ्यांदा डल्ला मारून झाला आहे. पहिल्या वेळी तुमचे साधे आभारही मानले नव्हते. तशी आपली ओळखही जुजबीच. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मानेच्या जरा वर तुमची वस्ती. आरशात तुम्ही मला दिसत नाही. कटिंग झाल्यावर न्हावी मागे छोटा आरसा धरतो तेवढीच आपली भेट, आणि तेव्हाही मी नीट न बघताच ‘ठीक आहे’ म्हणून मान हलवतो. आमच्या घरातलं माक्याचं तेल, जास्वंदाचं तेल, आईने नाक धरून किसलेल्या कांद्याचा रस, सगळं पुढच्या केसांच्या वाट्याला गेलं. तेलात न्हालेले ते सगळे निघून गेले. तुम्हाला कुणी बोटही लावलं नाही आणि तुम्ही टिकलात.

तुम्ही का टिकलात, हे मला फार उशिरा कळलं. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या रक्तातच टक्कल आहे त्यांच्या कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं या डीएचटीपुढे टिकत नाहीत. दर फेरीला केस थोडा बारीक, थोडा आखूड उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते. 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं, की वयात येण्यापूर्वी ज्यांचं वृषण काढलं गेलं त्यांना असं टक्कल पडत नाही. टकलावरचा तो खात्रीचा उपाय आजवर कुणी आनंदाने पत्करल्याचं ऐकिवात नाही. तुमच्यावर मात्र त्याच डीएचटीचा फारसा परिणाम होत नाही. रक्त तेच, डोकं तेच, पण तुमची जात वेगळी.

आणि ही जात जागा बदलली तरी बदलत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइक यांनी 1950च्या दशकात हे ताडून पाहिलं. मागच्या केसाळ कातडीचा तुकडा टकलावर लावला, तर तिथे केस उगवत राहिले. टकलाचा तुकडा मागे केसांत लावला, तर तो केसांच्या गर्दीत बसूनही टकलाच राहिला. 1959 मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि आजचा ट्रान्सप्लांटचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1939 मध्ये, जपानच्या शोजी ओकुदा यांनी केसांची कलमं लावून दाखवली होती, पण पुढे महायुद्ध पेटलं आणि ते काम जगाच्या नजरेस पडायला फार वेळ गेला.

आमच्याकडे टकलाचं खापर आजोळावर फोडायची पद्धत आहे. आईचे वडील टकले असतील तर नातवाची धडगत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धंच. डीएचटीला प्रतिसाद देणारा एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि ते मुलाला आईकडूनच मिळतं. पण टकलाला हातभार लावणारे जनुक पुष्कळ आहेत आणि ते दोन्ही घराण्यांतून येतात. माझ्या बाबतीत दोन्ही आजोबांनी सढळ हाताने दिलं.

लोक विचारतात, पहिलं ट्रान्सप्लांट फसलं म्हणून दुसरं केलंत का? फसलं नव्हतं. पहिल्या वेळी पुढे नेऊन बसवलेले तुमचे भाऊबंद छान रुजले. अडचण त्यांच्या मागच्या मूळच्या केसांची झाली. ते आपल्या चालीने गळतच राहिले, कारण ट्रान्सप्लांटने टक्कल पडायचं थांबत नाही. काही वर्षांनी कपाळावर कुंपण शाबूत आणि कुंपणामागे माळरान, असं दिसायला लागलं. हे टाळायला फिनास्टेराइडची गोळी असते. ती डीएचटी कमी करते आणि तिच्यामुळे अनेकांचे उरलेले केस टिकले आहेत. मला ती सोसली नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली, आणि ती बंद केली की तिने सांभाळलेलंही हळूहळू जातं. वेन रूनीसारख्या इंग्लिश फुटबॉलपटूने 2011 मध्ये पंचविशीत पहिलं ट्रान्सप्लांट केल्याचं स्वतःच जगजाहीर केलं आणि 2013 मध्ये तो पुन्हा त्याच खुर्चीत बसला. तरुणपणी सुरुवात करणाऱ्याला दुसरी फेरी बहुतेक चुकत नाही. पॅकेज विकणारे पहिल्या वेळी ही गोष्ट हळू आवाजात सांगतात.

त्याहून हळू आवाजात सांगितली जाणारी गोष्ट तुमच्याबद्दलची आहे. केसांचे एक-दोन, फार तर तीन-चार असे पुंजके एकत्र उगवतात. असा एक पुंजका मुळासकट उपटला की एक ग्राफ्ट. तो पुढे उगवतो, पण मागे जिथून काढला तिथे पुन्हा काही येत नाही. माझ्या ऑफिसातल्या शिकल्या-सवरल्या मंडळींनाही वाटतं, की मागचे परत येतात, कापलेल्या कोथिंबिरीला फुटवा येतो तसे. येत नाहीत. ट्रान्सप्लांटने डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. मागे वानवा दिसू न देता साधारण डोक्यातून जन्मभरात पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात, काहींच्या डोक्यातून त्याहून कमी. ‘कितीही ग्राफ्ट, एकच दर’ अशी जाहिरात वाचली की मला तुमची आठवण येते.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आधी छोटा कॅमेरा मानेवर फिरवून तुम्हाला पडद्यावर दाखवलं. जाड, काळे पुंजके उभे होते, आणि त्यांच्यामध्ये टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. पहिल्या वेळी गेलेल्यांच्या जागा त्या. तुमची आणि माझी खरी भेट ती. ठिपका, दोन पुंजके, पुन्हा ठिपका. ‘अजून काढता येतील, पण जपून,’ डॉक्टर म्हणाले. त्यांना किती लागतील यापेक्षा मागे किती उरतील याची चिंता जास्त होती, म्हणून मी त्यांच्याकडेच करायचं ठरवलं. त्याआधी एका चकचकीत ठिकाणी मागे कुणी पाहिलंच नव्हतं. पुढचा फोटो काढून थेट आकडा हातात दिला होता.

शस्त्रक्रियेत नवीन काही नव्हतं, आणि तोच ताप होता. पहिल्या वेळी माणूस अज्ञानात असतो. दुसऱ्या वेळी भूल द्यायची सुई कुठे कुठे टोचणार हे पाठ असतं. सगळं डोकं भादरलेलं, पालथं झोपायचं, तोंड खुर्चीच्या भोकात, आणि मानेवर एक मिलिमीटरहून बारीक गोल पात्याची, म्हणजे पंचची, ती घुर्रघुर्र. दुखत नाही, पण कवटीत ऐकू येते. पहिल्या वेळच्या जखमा आतून भरताना कातडी चिवट झालेली, म्हणून तुम्ही सहज निघत नव्हता. काम सावकाश चाललं. पलीकडे टेबलाशी तुम्हाला थंड सलाइनच्या बशीत मांडून एक ताई मोजत होत्या, ‘एकचे इकडे, दोनचे तिकडे.’ पुढच्या कडेला एकेकटे केस लावतात आणि दोन-तीनचे पुंजके मागे, म्हणजे कड नैसर्गिक दिसते. पूर्वी चार मिलिमीटरचे गोळे लावत आणि माणूस बाहुलीच्या डोक्याचा दिसे. जेवणाच्या सुट्टीत मी डोक्याला पट्टी बांधून वरण-भात खाल्ला आणि ताईंनी त्यांच्या डब्यातली कैरीची चटणी पुढे केली. भूल दिलेल्या कपाळाला आठ्या पडत नाहीत, त्यामुळे चटणी तिखट होती हे फक्त मलाच कळलं.

खरी कथा त्यानंतरची. पहिल्या रात्री उशांचा डोंगर करून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं, म्हणजे ग्राफ्ट घासले जात नाहीत आणि सूज कमी उतरते. उतरते ती उतरतेच. टाळूत भरलेलं पाणी दोन-तीन दिवसांत कपाळावर येतं, तिथून भुवयांवर, मग डोळ्यांवर. सकाळी आरशात डोळ्यांच्या जागी दोन चिरा दिसल्या. मी दार उघडताच दूधवाल्याने ‘मधमाश्या का?’ विचारलं आणि मी हो म्हणालो. ती सूज आपोआप ओसरते. बर्फ लावायचा तो कपाळाला, ग्राफ्टला चुकूनही नाही. सलाइनचा फवारा थोड्या थोड्या वेळाने. डोकं धुवायचं ते मगातून धार धरून, शाम्पूचा फेस नुसता टेकवून. शॉवर बंद, नखं बंद, ऊन बंद, व्यायाम बंद, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. साधारण आठवड्या-दहा दिवसांत ग्राफ्ट घट्ट धरतात आणि खपल्या गळायला लागतात. खपलीबरोबर केसही येतो आणि काळजाचा ठोका चुकतो. दुसऱ्या वेळीही चुकला. मूळ आत राहतं, वरचा केस जातो, हे तोंडपाठ असूनही.

नेमकं त्याच काळात मामेभावाचं लग्न आलं. मांडवाच्या दारात फेटेवाला उभा. सगळ्या मामे-मावसभावांना केशरी फेटे चढले आणि मी तांबूस, ठिपक्या-ठिपक्यांच्या डोक्याने मधोमध. फेटेवाला कापड घेऊन मागेच लागला, ‘अहो, सैल बांधतो.’ शेवटी मामींनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण त्यानंतर तो मला फार आदराने वागवू लागला. सिल्व्हिओ बर्लुस्कोनी 2004 मध्ये केस लावून घेतल्यावर सार्डिनियात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या स्वागताला डोक्याला पांढरा रुमाल बांधून उभे राहिले होते आणि जगभर त्याची चर्चा झाली. इटलीच्या पंतप्रधानांची ती तऱ्हा, तर माझी काय कथा. फेट्याचं तेच हेल्मेटचं. आमच्या पुण्यात हेल्मेट न घालायला कुणाला कारण लागत नाही. माझ्याकडे मात्र डॉक्टरांची चिठ्ठी होती, म्हणून मी स्कूटर ठेवून काही आठवडे पीएमपीच्या बसने फिरलो.

दोन-तीन आठवडे उलटले की लावलेले जवळजवळ सगळे केस गळतात. सोबत आजूबाजूचे मूळचे काही केसही धक्क्याने झडतात, आणि दुसऱ्या वेळी हे जास्त जाणवतं, कारण या वेळी आधीच्या केसांच्या मधून वाट काढत चिरा दिलेल्या असतात. म्हणजे पैसे मोजून माणूस आधीपेक्षा टकला होतो. मुळं विश्रांती घेतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वाकडे, केविलवाणे अंकुर येतात, सहा-सात महिन्यांत काहीतरी दिसू लागतं, वर्षाने सांगता येतं झालं की नाही, आणि टाळूचा भोवरा त्याहून वेळ खातो. या काळात करण्यासारखं काही नसतं. आरसा कमी पाहावा, हा माझा सल्ला, आणि फोटो महिन्यातून एकदाच काढावा.

तुमचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. सगळे पुढे बघतात. मागे तुमच्या पट्ट्यात कित्येक आठवडे बधिरपणा होता. न्हाव्याने हात फिरवला तर दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावरून फिरतोय असं वाटायचं. मग रात्री-अपरात्री खाज. मग बारीक पुटकुळ्या. आता केस जरा वाढल्यावर तुमची उणीव दिसत नाही, पण अगदी बारीक कट मला यापुढे मारता येणार नाही. पांढरे ठिपके उघडे पडतील.

हे पत्र उघडं लिहिण्याचं कारण, तुमच्यासारखे लाखो केस आज अशा हातांत जात आहेत जे डॉक्टरचे नाहीत. चेन्नईत 2016 मध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारा एक तरुण ट्रान्सप्लांटनंतर गेला, मुंबईत 2019 मध्ये एक व्यावसायिक गेला. भूल आहे, तासन्‌तास चालणारं काम आहे, औषधांची प्रतिक्रिया येऊ शकते. केशकर्तनाच्या दुकानावर माडी चढवून करायचं हे काम नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लिहून सांगावं लागलं, की कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूब पाहून शिकणं हे ट्रान्सप्लांट करण्यासाठी पुरेसं प्रशिक्षण नव्हे. आयोगाला हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं. तेव्हा ज्यांच्या मनात दुसऱ्या फेरीचा विचार आहे त्यांनी दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पंच कोण चालवणार, काही बिघडलं तर त्या खोलीत सांभाळणारं कोण असणार, आणि मागे किती उरणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅमेरा न लावता मिळालं, तर उठून यावं.

आपल्यापुरतं सांगायचं तर, कड बरी आली आहे, मधला भाग भरला आहे, भोवरा अजून विरळ आहे. तो भरायचा तर पुन्हा तुमच्याकडेच यावं लागेल, आणि डॉक्टरांनी कॅमेरा फिरवून स्पष्ट सांगितलं आहे, की आता काढण्यासारखं मागे फारसं नाही. भोवरा तसाच राहील.

कळावे, लोभ असावा.

आपल्याच डोक्याचा मालक