चौकाखालचे नाव

विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनासाठी वारली चित्रे तयार करताना आमचा हात रंगापाशी अडला नाही. तो अडला नावाच्या चिठ्ठीपाशी. कागदावर गेरू फासला, तांदळाच्या पिठात पाणी नि डिंक कालवला, बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला केला. दोरी धरून चित्रे एका रेषेत टांगली. मग चौकाची पाळी आली.

वारली लग्नघरात पालघट देवीचा चौक सवाशिणी भिंतीवर काढतात. त्याखाली सही नसते. कागदावर आल्यावर मात्र ही कला व्यक्तींच्या नावांनी ओळखली जाऊ लागली; जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आमच्या विद्यार्थिनीने छायाचित्र पाहून चौक काढला होता. केवळ तिचे नाव लावावे, तर त्या सवाशिणी पुसल्या जातात. न लावावे, तर तिच्या आठ रात्रींचे श्रम.

वाट दाखवली ती हस्तलिखित पोथ्यांनी. तेथे ग्रंथकर्ता वेगळा असतो आणि अखेरीस नक्कल उतरवणाऱ्याचे नाव वेगळे येते. आम्ही चिठ्ठीवर लिहिले : ‘चौक : वारली सवाशिणींचा. लेखन :’ आणि पुढे तिचे नाव. जुन्या मराठीत चित्रही ‘लिहीत’च असत.