टीप कुठे हवी?

जुन्या अमेरिकी कथांना टिपा जोडल्या की रस जातो, ही तक्रार नेहमीची. निम्मी खरीही आहे. पण ओ. हेन्रीची 1905 सालची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ घ्या. त्यातल्या जिमच्या घड्याळाला चामड्याचा जुना पट्टा आहे, म्हणून तो वेळ चोरून बघतो. यात लाजण्यासारखं काय, असं आजच्या वाचकाला वाटतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मनगटी घड्याळ येतं. जिमचं घड्याळ खिशातलं आहे, त्याला साखळी शोभते, एवढं सांगितलं की त्याच्या बायकोने, डेलाने, साखळीसाठी आपले केस का विकले ते उलगडतं.

संदर्भाने अर्थ लागतोच, असंही म्हणतात. त्याग कळतो, कबूल. पण शीर्षकाचं काय? मत्तयाच्या शुभवर्तमानात बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस आणणारे पूर्वेकडचे ज्ञानी, तेच शीर्षकातले ‘मॅजाय’, म्हणजे मागी. ते ठाऊक नसेल तर जिम आणि डेला या दोन वेड्यांना लेखक शेवटी शहाणे का ठरवतो, हेच हुकतं. कथेत येणारे शीबाची राणी आणि राजा सॉलोमन मात्र नुसते श्रीमंतीचे दाखले. तिथे टीप नसली तरी बिघडत नाही. आणि मागींची टीप कथेच्या खाली द्यावी. प्रस्तावनेत दिली की शेवट आधीच फुटतो.