तीन ठळक रेषा

भट्टीतून काढलेली पूड नेमकी कशाची, हे ओळखण्यात आमच्या वेळी अख्खी दुपार जायची. क्ष-किरणांची फिल्म डार्करूममध्ये धुवायची, वाळवायची आणि तिच्यावरच्या रेषांमधली अंतरं पट्टीनं मोजायची. कॅमेऱ्याचा व्यास 114.6 मिलिमीटर ठेवलेला असे, म्हणून फिल्मवरचा एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक अंश. या साध्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं. त्यावरून अणूंच्या थरांमधली अंतरं काढायची आणि सर्वांत ठळक तीन रेषा घेऊन जेसीपीडीएसची, म्हणजे ओळखीच्या पदार्थांच्या रेषा नोंदवलेली कार्डं चाळायला बसायचं.

ही तीन रेषांची युक्ती हानावाल्ट, रिन आणि फ्रेव्हेल यांची. डाऊ केमिकलमधल्या या तिघांनी 1938 साली हजार पदार्थांच्या रेषा छापल्या. 1941 मध्ये कार्डांचा पहिला संच निघाला. त्या कार्डांवरच्या एका खुणेवर माझा फार जीव होता. मोजमाप उत्तम असेल तर तारा, शंकास्पद असेल तर वर्तुळ. माहिती कितपत खात्रीची, हे माहितीबरोबरच कळायचं.

आता ही जुळणी संगणक काही क्षणांत करतो. त्याहून मोठा बदल म्हणजे पदार्थ बनवण्याआधीच त्याचे गुणधर्म समोर येतात. 2011 साली बर्कलीत सुरू झालेल्या मटेरियल्स प्रोजेक्टमध्ये क्वांटम गणितानं काढलेली अशी माहिती कुणालाही फुकट बघता येते. एखाद्या लहान गावच्या कॉलेजातल्या मुलीलाही ती खुली आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. 2023 मध्ये गूगल डीपमाइंडनं 22 लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या, त्यांतल्या 3 लाख 80 हजार सर्वांत स्थिर म्हणून. प्रत्यक्षात कुणी ना कुणी बनवल्याची तेव्हाची नोंद मात्र 736 रचनांचीच. बाकीच्यांपुढे मी तूर्त वर्तुळच काढीन.

फसलेल्या प्रयोगावर आम्ही फुली मारायचो आणि पान उलटायचो. शोधनिबंधात जायचं ते फक्त जमलेलं. अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजातल्या संशोधकांनी नेमक्या अशाच फसलेल्या नोंदी जुन्या वह्यांतून उतरवून संगणकाला शिकवल्या. 2016 साली छापलेल्या त्यांच्या कामात नवे स्फटिक मिळवण्याच्या अंदाजात संगणकाला 89 टक्के यश आलं, अनुभवी रसायनशास्त्रज्ञांच्या अंदाजाला 78 टक्के. आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या कपाटांतही फुल्या मारलेल्या वह्या पडून असतील. रद्दीवाला येण्याआधी त्या कुणीतरी स्कॅन करून घ्याव्यात.